बाहेरचा कॅमेरा घरात

सोमवार, ३

माझ्या घरात कॅमेरे बसवायचे म्हणे. माझ्या! सव्वीस वर्षं पाळणाघर चालवतेय. या हॉलमध्ये रांगलेल्या पोरांना आता दाढ्या आल्या, दोन मुली तर स्वतःची लेकरं माझ्याकडे सोडून कामाला जातात. आणि परवा शनिवारी अकरा आईबाप समोर बसून मला सांगतात, "काकू, दोन कॅमेरे लावून घ्या, म्हणजे सगळ्यांनाच बरं." सगळ्यांना म्हणजे नक्की कुणाला, ते मात्र कुणी सांगेना.

घडलं ते इथे लिहून ठेवते. नंतर कुणी तिखटमीठ लावायला नको. मागच्या गुरुवारी दुपारी चिंगी बाथरूममध्ये अडकली. साडेतीन वर्षांची आहे. बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी आहे. ती मीच बसवून घेतली, रांगती पोरं बादलीपाशी जाऊ नयेत म्हणून. दार नुसतं लोटलेलं दिसलं की जाता-येता कडी लावायची, हा माझ्या घरचा नियम. त्या वेळी मावशी दूध आणायला गेली होती. मावशी म्हणजे माझी मदतनीस. मुलं मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते, नऊ वर्षं झाली. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, बाथरूमच्या भिंतीला लागूनच. तेवढ्यात चिंगीची आई, ती बँकेतली, कधी नव्हे ती लवकर आली आणि चपलांसकट आत धावली. थेट बाथरूमकडे. कडी काढून पोरीला उचललं. पोरगी घामाघूम, हुंदक्यांनी अंग उडतंय.

बँकेतली म्हणाली, "काकू, फाटकापासून ऐकू येत होतं हिचं रडणं."

फाटकापासून! अतिशयोक्तीलाही काही सुमार असतो. मी भिंतीला चिकटून उभी, मला आलं नाही ते हिला फाटकातून आलं! पण पोरीच्या आईशी त्या वेळी काय वाद घालणार.

कडी मावशीनेच लावली असणार. आत कुणी आहे का हे न बघता लावली आणि पिशवी घेऊन चालती झाली. मी शनिवारी तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बँकेतलीकडे बघितलं आणि म्हणाली, "चुकलं."

झालं! गुन्हा कबूल. तरी कॅमेरे मला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मावशीला महिनाअखेरीपर्यंत मुदत दिलीय. कॅमेरे बसवायचेच असतील तर बसवू. तिचा हलगर्जीपणा त्यात पकडायचा, पालकांना दाखवायचा आणि तिला निरोप द्यायचा. पोरांच्या जिवाशी खेळणाऱ्या माणसाला या घरात जागा नाही, मग ते कितीही जुनं असो.

बुधवार, ५

आज कॅमेरेवाल्याच्या दुकानात गेले. आत शिरताच ओरडला, "या आजी, बसा!" पन्नाशीचा बाप्या, अर्धं टक्कल पडलेलं, आणि मी त्याची आजी! म्हटलं, "आजी मला पोरं म्हणतात. तुम्ही मॅडम म्हणा." तर "बरं मॅडम!" हेही ओरडूनच. दुकान भर रस्त्यावर आहे, दिवसभर गाड्यांच्या वर आवाज काढून घसा तसाच झाला असणार. पण माणसाने समोरच्याचं वय बघून तरी जरा सौम्य बोलावं.

मला वाटलं होतं कॅमेरा म्हणजे कॅमेरा. याने टेबलावर चार उपड्या वाट्या मांडल्या. याला डोम म्हणायचं. छताला चिकटवायचा, वर काळपट काचेसारखा घुमट, आत भिंग. घुमटामुळे भिंग कुणीकडे रोखलंय ते खालून कळत नाही. हे मला फार पटलं. मावशीला वाटेल फाटकाकडे बघतोय, आणि तो बघत असेल तिच्याकडेच.

मग इनडोअर की आउटडोअर यावर अर्धा तास गेला. इनडोअर म्हणजे प्लॅस्टिकचा, हलका, दिसायला नाजूक, पाण्याचा थेंब चालत नाही. आउटडोअर धातूचा, जाड, सांधे बंद, ऊन-पाऊस-धूळ सगळं सोसणारा. त्याने खरोखर हातोडी काढली आणि आउटडोअरच्या घुमटावर दोन ठोकल्या. ओरखडासुद्धा नाही. "आता याला मारा," म्हणून इनडोअरकडे बोट केलं तर त्याने तो झटकन खणात ठेवला.

त्याचं म्हणणं, फाटकावर आउटडोअर, हॉलमध्ये इनडोअर. जगाची रीत तशीच आहे. मी विचारलं, माझ्या हॉलमध्ये सात पोरं चेंडू, चमचे आणि डबे छतापर्यंत फेकतात, शेजारी बाथरूमची वाफ, तर माझा हॉल घराच्या आत धरायचा की बाहेर? त्याने टक्कल खाजवलं. मग ओरडला, "मॅडम, पण इनडोअरला माइक असतो! बोललेलं ऐकू येतं! या आउटडोअरला माइक नाही!"

माइक! म्हणजे मी माझ्या घरात काय बोलते तेही रेकॉर्ड होणार? उद्या येते म्हणून उठले.

गुरुवार, ६

माइकची बातमी बँकेतलीला कुठून कळली देव जाणे. बहुतेक त्याच दुकानात विचारून आली असेल. सकाळी चिंगीला सोडताना माझा हात धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काकू, प्लीज, आवाजाचा घ्या. आवाज महत्त्वाचा आहे." एखाद्या परदेशी माणसाला पत्ता सांगावा तसं. बँकेत रोज तक्रारी ऐकून अशी बोलायची सवय लागत असेल. मला काही तिच्या खात्यातला घोळ समजावून घ्यायचा नव्हता.

मी स्वच्छ सांगितलं, चित्र बघा, हवं तेवढं बघा, पण माझं बोलणं तुमच्या कानी घालायला मी काही बांधलेली नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! हिच्या घरात लावू दे आधी माइक. नवऱ्याशी काय बोलते ते आम्हीही ऐकू.

तिचे डोळे भरले. रडून माणसं जिंकता येतात असं वाटतं काहींना.

दारावरची बेल परत बिघडली. वर्षात तिसरी. वायरमन म्हणतो वाजते. त्याचं बोट असताना वाजते, लोकांचं बोट असताना वाजत नाही, असली ही बेल.

संध्याकाळी मुलाचा फोन. त्यानेच दिलेला फोन, महागाचा, पण आवाज असा की विहिरीतून कुणी बोलतंय. कॅमेऱ्यांचं सांगितलं तर म्हणाला, "आई, कॅमेरे राहू देत, तू आधी एकदा डॉक्टरकडे..." मी म्हटलं, माझी तब्येत ठणठणीत आहे, बिघडलाय तो काळ. आणि फोन ठेवला. शंभर कोसांवर बसून आईला डॉक्टर सुचवणं सोपं असतं.

शनिवार, ८

निर्णय झाला. दोन्ही आउटडोअर. एक फाटकावर, अंगण आणि कपड्यांची दोरी दिसेल असा. दुसरा हॉलमध्ये, बाथरूमचं दार आणि पाळणा दोन्ही दिसतील असा. कॅमेरेवाल्याने तीनदा बजावलं, "हॉलला आवाज येणार नाही हां मॅडम, नंतर भांडू नका!" भांडायचा प्रश्नच नाही. मुका कॅमेरा हवा म्हणूनच घेतला.

मावशीला सांगितलं. ती सहसा बोलत नाही, मुखदुर्बळ आहे. बोलायचं झालं तर माझ्या अगदी समोर येऊन तोंड पुढे करते. आज तशीच आली आणि म्हणाली, "बाई, कॅमेऱ्यापेक्षा एक बाई ठेवा. मी बाहेर गेले की घरात कुणीतरी हवं."

मी घरात असते ती कुणीच नाही का? तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मदतनिसाला मदतनीस कशाला? हिला जायचंय महिनाअखेरीला, आणि जाता जाता जागा भरायची चिंता. कुणा बहिणीला चिकटवायचं असेल.

शिवाय अलीकडे हिची सलगी फार वाढलीय. दर दहा मिनिटांनी येऊन खांद्याला हात लावते. गॅस न विचारता बंद करते. कुकरची शिट्टी खराब झालीय तर ती दुरुस्त करायची सोडून, मध्येच येऊन गॅस बंद! परवा म्हटलं, "हात लावून बोलायची गरज नाही, लांबूनही बोलता येतं." मान हलवली आणि तासाभरात पुन्हा हात खांद्यावर.

मंगळवार, ११

आज बसवले. कॅमेरेवाला स्वतः शिडी घेऊन आला. पोरांना जत्रा झाली. हॉलच्या कॅमेऱ्यात सगळं धुक्यात बुडाल्यासारखं. "लेन्स सेट व्हायला वेळ लागतो," म्हणे! मी स्टूल घेऊन वर चढले आणि घुमटावरचं कारखान्याचं पातळ प्लॅस्टिक सोलून त्याच्या हातात दिलं. लख्ख दिसायला लागलं. वीस वर्षं धंद्यात असलेला माणूस, आणि वेष्टण काढायचं विसरतो. या लोकांच्या भरवशावर आपण सुरक्षित राहायचं!

रेकॉर्डर आणि पडदा माझ्या खोलीत. पडद्याचे दोन भाग, डावीकडे अंगण, उजवीकडे हॉल. पंधरा दिवसांचं साठतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. पालकांच्या फोनवर काही जाणार नाही. ज्याला बघायचं त्याने माझ्या खोलीत, माझ्यासमोर बसून बघावं.

शुक्रवार, १४

तीन दिवस मान आखडल्यासारखी झालीय. स्वतःच्या हॉलमध्ये अंग खाजवायची चोरी. ढब्बू दर अर्ध्या तासाने कॅमेऱ्याला जीभ दाखवतो. त्याला काय, चार वर्षांचा आहे. मलाही दाखवावीशी वाटते.

एक मात्र आहे. आईबापांना ठासून सांगायला हवं की या घरात मुलं किती सुखात आहेत. पूर्वीची पोरं रडून घर डोक्यावर घ्यायची, दुपारी झोपवताना तर मला वेड लागायची पाळी यायची. हल्लीची मुलं रडतच नाहीत. दोन वर्षांत मला आठवत नाही. पाळण्यातलं बाळसुद्धा कसं शहाणं, तोंड वाकडं करतं पण आवाज नाही. अनुभव म्हणतात तो हा. कॅमेऱ्यात तेवढं तरी दिसेल.

सोमवार, १७

शनिवार, २९ तारखेला पालकांना बोलावलंय. सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. रेकॉर्डिंग दाखवणार, मावशीचा विषय संपवणार. मावशीच्या हातीही एक चिठ्ठी दिली. तिने वाचली, घडी करून ठेवली, आणि बाळाची दुपटी वाळत घालायला अंगणात गेली. ताकास तूर लागू देत नाही ही बाई.

रविवार, २३

हे कसं लिहू?

जेवण झाल्यावर पडद्यासमोर बसले, वही-पेन घेऊन. मावशीच्या चुका वेळेसकट टिपायच्या होत्या. मंगळवार लावला. १८ तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं. मावशी अंगणात कपडे वाळत घालतेय. मी हॉलमध्ये नॅपकिनच्या घड्या घालतेय. ढब्बू बाथरूममध्ये गेला, दार लोटलं. मी उठले, कपाटाकडे निघाले, आणि जाता जाता बाथरूमची कडी लावली. माझा हात. माझी बांगडी. परत येऊन घड्या घालायला बसले.

मला वाटलं डोळे फसले. मागे नेऊन पुन्हा बघितलं. तीच मी.

मग जे दिसलं ते पुसलं जात नाही डोळ्यांपुढून. चित्राला आवाज नाही. पण हॉलमधल्या सहाही पोरांच्या माना एकदम बाथरूमकडे वळल्या. खेळत होती ती खेळायची थांबली. टिल्लीने दोन्ही कानांत बोटं घातली. चिंगी भिंतीला टेकून उभी राहिली, तोंडाचा चंबू करून, आता रडेल अशी. आणि मी पाच पावलांवर बसून नॅपकिनच्या कडा जुळवतेय. चांगली हसतेय स्वतःशी.

डावीकडच्या चित्रात, अंगणात, मावशीने हातातलं दुपटं तसंच मातीत टाकलं आणि धावत सुटली. डावीकडून गेली, उजवीकडे आली. कडी काढली, ढब्बूला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे येऊन खांद्याला हात लावला, काहीतरी बोलली. मी तिचा हात झटकला. काय म्हणाले ते मला आठवतं. "किती वेळा सांगायचं, अंगाला हात लावू नकोस."

आधी संताप आला तो कॅमेऱ्याचा. बाप्याने काहीतरी घोळ घातलाय, दोन वेळांची चित्रं एकत्र झालीत! त्याचं दुकान रविवारी उघडं असतं. फोन लावला, भांडले. तो नेहमीसारखा ओरडून सांगायला लागला की वेळ बरोबर आहे, चित्र बरोबर आहे. मी म्हटलं, "तुम्ही माझ्याशी सारखं ओरडून का बोलता हो?"

तो मग तितक्याच मोठ्याने म्हणाला, "मॅडम, पहिल्या दिवशी मी दोनदा हळू बोललो. तुम्ही बघितलंच नाही माझ्याकडे."

फोन ठेवला आणि राहिलेले सगळे दिवस बघितले. आठवड्यात चार वेळा मी कडी लावलीय, चारही वेळा आत पोर होतं, चारही वेळा मावशी धावत आलीय. एकदा ओल्या हातांनी, एकदा घास टाकून. गुरुवारी बाळ पाळण्यात तोंड वासून रडतंय, मूठ हवेत मारतंय, आणि मी त्याच्याकडे पाठ करून पाळण्याची दोरी ओढतेय. बाळ शहाणं म्हणत होते मी. सहा महिन्यांचं बाळ, ते कसलं शहाणं असणार! माझेच कान बंद झाले आणि मी त्याला पोरांचं वळण म्हणत होते.

वहीत मावशीच्या नावाखाली एकही ओळ नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवार, २४

सकाळी मुलं यायच्या आत मावशीला खोलीत बोलावलं. पडदा दाखवायला गेले तर तिने बघितलाच नाही. मी विचारलं, "कधीपासून?"

ती समोर आली, तोंड पुढे केलं. आज कळलं का करते ते. "दीड वर्ष तरी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते बाई. तुम्ही म्हणालात, तुझाच आवाज खोल गेलाय, पोटभर जेवत जा."

म्हटलं होतं मी. अगदी याच शब्दांत.

"आणि सगळ्यांसमोर चुकलं म्हणालीस ते? कडी मी लावली होती ना?"

"तुम्हीच. पण चुकलं माझंच. तुमच्या एकटीवर टाकून दुधाला गेले."

मला असा राग आला तिचा! एवढी बदनामी गिळून बसली, महिनाअखेरीला घालवतेय म्हटलं तरी हूं की चूं नाही. मी म्हणाले, "तुला जीभ नाही का? पोराला काही झालं असतं तर?"

पहिल्यांदाच आवाज चढवला तिने. चढवला असावा, कारण गळ्याच्या शिरा दिसल्या. "म्हणून तर दीड वर्ष घरी गेले नाही दुपारची! माझं पोर आजारी होतं तेव्हासुद्धा नाही! आधी जायचे बाई, पण या दीड वर्षात नाही. त्या दिवशी दूध संपलं म्हणून पंधरा मिनिटं गेले, तर हे झालं."

तेवढ्यात तिने खिडकीकडे बघितलं आणि दार उघडायला गेली. कुणीतरी आलं होतं.

बुधवार, २६

खरं तेच लिहायचं तर लिहिते, ही वही कुणी वाचत नाही.

मंगळवारचं ते रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात, पंधरा दिवस भरले की, आपोआप पुसलं जाणार. बैठक पुढे ढकलली, चार दिवस ताप आला म्हटलं, की झालं. मला काहीच करावं लागणार नाही. मावशी चुकलं म्हणून मोकळी झालीय, दुसऱ्या पाळणाघरात तिला कुणीही डोक्यावर घेईल. मी गुपचूप डॉक्टरकडे जाईन, कानात काय घालायचं ते घालीन, केस त्यावरून घेईन. सव्वीस वर्षांचं नाव आहे. एका कडीपायी घालवायचं?

दोन दिवस हेच डोक्यात. चिठ्ठ्या परत मागवायचं लिहायला वहीतला कागदही फाडून घेतला होता.

दुपारी बाथरूमच्या दारापाशी गेले आणि हात आपसूक कडीकडे गेला. सगळं कळून-सवरून गेला. आत कुणी नव्हतं. पण मला ते आधी माहीत नव्हतं.

कागद फेकून दिला. बैठक होणार.

शनिवार, २९

अकरा पालक, माझ्या खोलीत दाटीवाटीने. मावशी दाराशी उभी. सगळे तिच्याकडे बघत होते, न्यायाला आणलेल्या माणसाकडे बघतात तसे. ते मीच शिकवलं होतं त्यांना.

मी मंगळवार लावला. म्हटलं, "कडी कोण लावतंय ते बघा."

बघितलं सगळ्यांनी. ढब्बूच्या वडिलांनी हात तोंडावर नेला. मी एक लावलं, दुसरं लावलं, चारही लावली. मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही. चिंगीला मी कोंडलं होतं. मावशीने माझं पाप अंगावर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. तिची माफी मागते, तुम्हा सगळ्यांसमोर."

मग बँकेतली पुढे झाली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि तिच्या त्या सुट्या सुट्या शब्दांत म्हणाली, "काकू, आम्हाला माहीत होतं. तुम्हाला तोंडावर सांगायला कुणाचा धीर होईना. वाटलं, कॅमेरा लावलात तर तुमचं तुम्हाला कळेल."

मला वाटलं होतं आज मला फक्त लाज वाटेल. पण जे उसळलं ते वेगळंच.

"माहीत होतं?" मी म्हणाले. बहुतेक ओरडलेच, कारण मागचे दोघे दचकले. "माहीत होतं आणि रोज सकाळी पोरं माझ्या हातात देऊन जात होतात? माझ्या मानाची एवढी काळजी आणि लेकराच्या जिवाची नाही? अकरा शिकलेली माणसं, एकालाही तोंड नव्हतं? एक चिठ्ठी तरी लिहायची! मी बहिरी आहे, मला वाचता येतं!"

बँकेतली रडत होती. या वेळी मी तिला जिंकू दिलं नाही. म्हणाली, "चुकलं, काकू." पुन्हा तोच शब्द! या घरात जो तो चुकलं म्हणून सुटतो. मी म्हटलं, "चुकलं म्हणून भागत नाही. मलाही नाही आणि तुम्हालाही नाही."

मग डोळे पुसून तिने विचारलं, सोमवारी चिंगीला आणू की नको. माझ्याकडे बघून विचारलं, सवयीने.

मी दाराकडे बोट केलं. "तिला विचारा. सोमवारपासून पाळणाघर तिचं. मी तिच्या हाताखाली. ती म्हणेल ते."

हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. आता पालकांच्या नजरा परत तिच्याकडे वळल्या, पण वेगळ्या. मावशीने हात अंगावरच्या कपड्यांना पुसले. मला वाटलं नेहमीसारखी मान हलवेल, जसं बाई म्हणतील तसं म्हणेल. एवढी नऊ वर्षांची ओळख!

ती आत आली. पालकांच्या मधून वाट काढून अगदी माझ्यासमोर उभी राहिली, म्हणजे बोलली त्यांच्याशी पण तोंड माझ्याकडे. "आणा सगळ्यांना. पण पोर माझ्या हातात द्यायचं. बाईंच्या हातात नाही. मी दाराशी नसले तर थांबायचं, मी येईपर्यंत. बाई कान दाखवून येत नाहीत तोवर त्यांनी एकट्यांनी एकाही पोराजवळ बसायचं नाही. पाळण्याजवळसुद्धा नाही."

माझ्या घरात. माझ्या खोलीत. अकरा माणसांसमोर. सव्वीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि अंगाचा असा तिळपापड झाला की तिथल्या तिथे तिला दार दाखवावंसं वाटलं.

ती बरोबर बोलत होती. मी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही, पुढचा एकही शब्द सुटू नये म्हणून.